आधी कागद, मग कॅमेरा

‘मॅडम, ही ओळ नेमकी कुठे तोडायची?’

रात्री साडेअकराला मोबाइलवर हा प्रश्न आला. सोबत मोडीतल्या एका खरेदीखताचा फोटो होता. त्या आठवड्यात हाच प्रश्न विचारणारा तो सातवा विद्यार्थी. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ आखतो आणि मग तिच्याखाली अक्षरांमागून अक्षरं, शक्यतो हात न उचलता, लिहीत जातो. हे मी व्हिडिओत सांगितलं होतं, लिहूनही दाखवलं होतं. पण ते होतं बाविसाव्या मिनिटाला, आणि विद्यार्थ्याच्या पुढ्यात होता कागद. त्या कागदावर याबद्दल एक अक्षरही नव्हतं.

बरीच वर्षं मी शनिवार-रविवारच्या वर्गात मोडी शिकवत आले. २०२० मध्ये वर्ग बंद पडले, तेव्हा तोच अभ्यासक्रम ऑनलाइन करायला घेतला. उत्साहाच्या भरात सगळे व्हिडिओ आधी करून टाकले आणि टिपणं ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवली. माझी टिपणं किती अपुरी आहेत हे तोवर कधी लक्षातच आलं नव्हतं, कारण वर्गात त्यांची उणीव मी बोलून भरून काढत होते. समोर कुणाच्या कपाळावर आठी दिसली की मी फळ्याकडे वळायचे. ऑनलाइन शिकवताना ती आठी दिसत नाही.

तेव्हापासून लिखित साहित्य तयार करताना मी एकच प्रश्न पुढे ठेवते: विद्यार्थी एकटा असताना कुठे अडेल? तुमचा विषय शिवणकाम असो, द्राक्षाची छाटणी असो, हिशेब असो की हार्मोनियम, पुढची सगळी पथ्यं या एका प्रश्नातूनच निघतात. उदाहरणं मोडीची देते, कारण तिथे मी स्वतः ठेचा खाल्ल्या आहेत.

एका पानापासून सुरुवात

पहिलं पान फक्त तुमच्यासाठी लिहायचं. अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल, एवढंच त्यावर असावं. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘विद्यार्थ्याला मोडी लिपीचा परिचय होईल.’ या वाक्याने कुणाचंच काही अडत नाही आणि कुणाला काही मिळतही नाही. परिचय झाला की नाही, हे तपासायचं कसं? दुसऱ्या खेपेला लिहिलं, ‘एकोणिसाव्या शतकातलं, स्वच्छ अक्षरातलं खरेदीखत समोर ठेवलं, तर शब्दसूची हाताशी घेऊन त्याच्या पहिल्या दहा ओळी विद्यार्थी अर्ध्या तासात बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, उतरवेल.’ हे वाक्य लिहिल्याबरोबर कामं आपोआप दिसू लागली: अक्षरओळख, जोडाक्षरं, ओळ तोडणं, कालगणना, मोजमापं, ठरावीक मायने. आणि लिपीच्या उगमावरचा माझा आवडता चाळीस मिनिटांचा धडा या दहा ओळी वाचायला लागत नाही, हेही दिसलं. तो मी जोडवाचनात टाकला. जरा जिवावर आलं, पण टाकला.

मग धड्यांची यादी करा आणि प्रत्येक धड्यापुढे तीन गोष्टी लिहा: विद्यार्थी काय करेल, त्यासाठी त्याला कोणता कागद लागेल, आणि तो हमखास कुठे अडेल. तिसरा रकाना भरता येत नसेल तर तो विषय तुम्ही अजून कुणाला समोर बसवून शिकवलेला नाही. आधी चार जणांना शिकवा, मग ऑनलाइनचं बघा.

धड्याचं पान

लेखी साहित्यातून दूरस्थ शिकवण्याची वाट आपल्याकडे नवी नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं. पाठाच्या आरंभी उद्दिष्टं, मध्ये थांबून सोडवायचे स्वयं-अध्ययनाचे प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरं, ही त्या पुस्तकांची घडण घरोघरी पोचली. केंद्र सरकारच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांचेही चार भाग असतात: व्हिडिओ, उतरवून घेऊन छापता येईल असं वाचनसाहित्य, स्वतःची परीक्षा घेण्याचे प्रश्न आणि शंका विचारण्याची जागा. चारांपैकी निदान दोन भाग तर सरळसरळ लिहिण्याचे आहेत.

धड्याच्या पानात मजकूर किती, यापेक्षा तो कोणत्या क्रमाने येतो हे महत्त्वाचं. माझ्या कालगणनेच्या धड्याचं उदाहरण घ्या. पेशवेकालीन पत्रांत बहुधा सुहूर सन असतो आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात. माझ्या पहिल्या टिपणात होतं: ‘सुहूर सनाच्या आकड्यात ५९९ किंवा ६०० मिळवले असता इसवी सन मिळतो.’ वाक्यात चूक काहीच नाही, तरी विद्यार्थी तिथेच बसला. ५९९ केव्हा आणि ६०० केव्हा? आणि आकडा मुळात वाचायचा कसा?

आता तेच पान असं आहे:

*पायरी १.* पत्रातले शब्द सुटे करा. ‘इहिदे सितैन मया व अलफ.’ इहिदे म्हणजे १, सितैन म्हणजे ६०, मया म्हणजे १००, अलफ म्हणजे १०००. ‘व’ म्हणजे आणि.

*पायरी २.* बेरीज करा. १ + ६० + १०० + १००० = ११६१.

*पायरी ३.* पत्राचा महिना पाहा. हे साल मृग लागतो तेव्हा बदलतं, म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचं पत्र असेल तर ५९९ मिळवा. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचं असेल तर ६०० मिळवा.

*पायरी ४.* पडताळा घ्या. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. जानेवारी आहे, म्हणून ११६१ + ६०० = १७६१. जमलं.

*इथे चूक होते:* पत्र मे-जूनच्या सांध्यावरचं असेल तर अंदाज करू नका. जंत्री उघडा.

*आता तुम्ही:* ‘अर्बा सबैन मया व अलफ.’ अर्बा म्हणजे ४, सबैन म्हणजे ७०. महिना जंत्रीवरून ऑगस्ट निघाला आहे. इसवी सन कोणता? त्या महिन्यात शनिवारवाड्यात काय घडलं?

उत्तर पुढच्या पानावर आहे: ११७४ + ५९९ = १७७३, नारायणरावांचा खून. हे उदाहरण मी मुद्दाम निवडलं. विद्यार्थ्याला साल आधीपासून ठाऊक असतं, त्यामुळे आपली रीत बरोबर आहे की नाही हे त्याला माझ्याशिवाय तपासता येतं. तुमच्या विषयातही पहिली उदाहरणं अशीच घ्या, जिथे उत्तर विद्यार्थ्याच्या ओळखीचं आहे आणि नवी आहे ती फक्त रीत.

या पानाची रचना कुठल्याही विषयाला चालते: एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण, त्यातली हमखास होणारी चूक, आणि लगेच हात घालायला एक छोटं काम. व्याख्या, इतिहास, मतभेद हे सगळं त्यानंतर. वाक्यं आज्ञार्थी ठेवा: ‘बेरीज करा’, ‘महिना पाहा’. ‘बेरीज केली जाते’ असं लिहिलं की ती कुणी करायची, हा प्रश्न उरतोच. आणि एका पायरीत एकच क्रिया. दोन कोंबल्या की विद्यार्थी दुसरी विसरतो.

व्हिडिओची संहिता

‘मला विषय येतो, मी बोलेन आयत्या वेळी,’ असं म्हणणाऱ्यांत मीही होते. परिणाम म्हणजे बावीस मिनिटांनी आलेली ती शिरोरेघ. संहिता लिहिली की पाल्हाळ कागदावरच पकडला जातो. सावकाश, समजावत बोलताना माझे मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. तुमचे किती होतात ते घड्याळ लावून मोजा, म्हणजे आठ मिनिटांच्या व्हिडिओला किती मजकूर पुरे हे लिहितानाच कळेल.

संहिता कानासाठी लिहायची असते. वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. श्वास पुरला नाही तर ते तोडा. बोलणं डाव्या रकान्यात आणि पडद्यावर काय दिसणार ते उजव्या रकान्यात लिहा: ‘हात: शिरोरेघ आखते’, ‘पत्राची चौथी ओळ मोठी करून’. संकलन दुसरं कुणी करणार असेल तर हा उजवा रकाना त्याला आयता मिळतो.

एक मोह मात्र टाळा. संहितेतली वाक्यं जशीच्या तशी पडद्यावर टाकून ती वाचून दाखवू नका. चित्र, आवाज आणि तोच मजकूर पुन्हा अक्षरांत, असं सगळं एकदम आलं की शिकणं सोपं होण्याऐवजी जड होतं, हे रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवलं आहे. पडद्यावर चित्र आणि चार शब्द पुरेत. सबंध वाक्यं धड्याच्या पानावर असू द्या. ज्यांना ऐकू कमी येतं किंवा ज्यांना आवाज बंद ठेवूनच बघावं लागतं, त्यांच्यासाठी उपशीर्षकांची वेगळी सोय करा. संहिता तयार असली की तेही काम निम्मं झालेलं असतं.

व्हिडिओ पक्का झाल्यावर धड्याच्या पानावर परत या आणि जिथे हाताचं काम बघण्याची गरज आहे तिथे मिनिट-सेकंद लिहा: ‘पाहा व्हिडिओ ३, ४ मिनिटे १० सेकंद’. तो सातवा विद्यार्थी यामुळेच वाचला असता.

सराव आणि उत्तरं

लिखित साहित्यात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. आपला विद्यार्थीही व्हिडिओ दोनदा बघून ‘आलं मला’ म्हणतो आणि आठवड्यानं कागद समोर आला की गडबडतो. त्याला आठवायला लावणारा कागद आपणच त्याच्या हातात द्यायला हवा.

माझ्या सरावपत्रात तीन प्रकार असतात. पहिल्यात मोडी ओळ आणि खाली तिचं बाळबोध रूप, फक्त ताडून बघायला. दुसऱ्यात बाळबोधातले काही शब्द गाळलेले. तिसऱ्यात नुसती मोडी. आधार असा हळूहळू काढून घ्यायचा. पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली तेव्हा निम्मा वर्ग गळाला होता.

उत्तरपत्रिका वेगळ्या पानावर हवी. शेजारीच छापली तर डोळा तिकडे जातोच. आणि ‘बरोबर उत्तर अमुक’ एवढ्यावर थांबू नका. ‘तुमचं उत्तर १७७४ आलं असेल, तर तुम्ही ऑगस्टला ६०० मिळवले. पायरी ३ पुन्हा पाहा,’ असं लिहा. अशा एका ओळीने एक फोन वाचतो.

सूची आणि नियमांचा कागद

दोन कागद सबंध अभ्यासक्रमाला मिळून एकदाच करायचे. पहिला शब्दसूचीचा. जुन्या कागदात ‘छ’ आला की त्यापुढे मुसलमानी महिन्यातली चंद्राची तारीख असते, ‘रा।’ म्हणजे राजश्री, आकड्यापुढच्या उभ्या रेघा म्हणजे पाव: ८। सव्वाआठ, ८॥ साडेआठ, ८॥। पावणेनऊ. हे मी पाच धड्यांत पाच ठिकाणी विखरून सांगितलं होतं. आता ते एका पानावर आहे आणि ते पान भिंतीला चिकटवा, असं मीच सांगते. शिवणकामात मापांचा तक्ता, स्वयंपाकात वाटी-चमच्याचं ग्रॅममधलं कोष्टक, हिशेबात खात्यांची यादी, हे त्याच जातीचे कागद.

दुसरा कागद नियमांचा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. मग बाळबोधात उतरवताना इकार-उकार मुळाप्रमाणे ठेवायचे की आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे? विरामचिन्हं घालायची का? वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी काय लिहायचं? यावर जाणकारांच्या रीती वेगवेगळ्या आहेत, पण एका अभ्यासक्रमात एकच रीत हवी. नियमांना क्रमांक द्या. मग शंका आणि उत्तरं दोन्ही ‘नियम २’ एवढ्यात भागतात. तुमच्या लिखाणातही ही शिस्त ठेवा. एका धड्यात ‘लिप्यंतर’ आणि दुसऱ्यात ‘अक्षरांतर’ लिहिलं, तर नवखा माणूस त्या दोन वेगळ्या गोष्टी समजतो.

पहिलं पत्र

नाव नोंदवल्यावर विद्यार्थ्याला मिळणारं पहिलं पत्र शेवटी घाईघाईत लिहिलं जातं, आणि शंकांचा पहिला लोंढा तिथूनच येतो. त्यात एवढं स्पष्ट हवं: आठवड्याला किती तास लागतील, काय सामान हवं, काय नको, गृहपाठ कुठे आणि कोणत्या रूपात पाठवायचा, उत्तर किती दिवसांत मिळेल. ‘बोरू विकत घेऊ नका, साधं पेन चालेल’ ही ओळ घातली आणि एक नेहमीचा प्रश्न थांबला. परदेशातले विद्यार्थी असतील तर थेट वर्गाची वेळ ‘भारतीय वेळेनुसार’ असं लिहायला विसरू नका.

फॉन्ट, फाइल, फोटो

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये घडवलेलं सुबक टिपण दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. त्यात शोध घेता येत नाही, आणि अंध विद्यार्थ्याला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही तिथे हात टेकतं. पानांचे फोटो काढून केलेल्या पीडीएफचीही तीच गत. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, तरी काही उपकरणांवर आजही नुसते चौकोन दिसतात. म्हणून मोडी मजकूर असलेली फाइल फॉन्ट अंतर्भूत करून पीडीएफ रूपातच द्यावी. देवनागरी फॉन्ट निवडताना ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ळ’ आणि मराठी वळणाचे ‘ल’, ‘श’ नीट उमटतात का, ते एक ओळ टाइप करून पाहा.

बहुतेक विद्यार्थी मोबाइलवर वाचतात, त्यातले काही लोकलमध्ये उभ्याने. चार रकान्यांचा तक्ता तिथे वाचता येत नाही. दोन रकाने ठेवा, अक्षर मोठं ठेवा. बाकीचे गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात काळी-पांढरी प्रत काढतात. ‘लाल अक्षरं पाहा’ असं लिहिलं तर त्यांना सगळंच करडं दिसणार. रंगाऐवजी चौकट किंवा ठळक अक्षर वापरा.

फाइलींच्या नावात धड्याचा क्रमांक आणि आवृत्ती हवी: ‘०५-कालगणना-सराव-आवृत्ती२’. ‘फायनल’, ‘फायनल-नवीन’, ‘खरंच-फायनल’ या तीन फाइलींतली कोणती खरी, हे महिन्याभराने तुम्हालाही सांगता येत नाही.

चित्रं आणि उतारे घेताना हक्क तपासा. भारतातल्या १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीतल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. वि. का. राजवाडे १९२६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन आज सगळ्यांना खुलं आहे. पण अलीकडच्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा तशा खुल्या नसतात. जुन्या कागदाचा फोटो एखाद्या संग्रहातून घेतला असेल तर त्या संग्रहाची लेखी परवानगी घ्या, आणि ती धड्याच्या फाइलींसोबतच जपून ठेवा. घरगुती कागदपत्रं वापरताना तर जास्त जपा. भाऊबंदकीचा वाद त्या खतात अजून जिवंत असू शकतो.

प्रकाशित करण्याआधी

सगळं झालं की विषयाचा गंध नसलेला एक माणूस शोधा. माझ्या बाबतीत ती शेजारच्या वाड्यातली कॉलेजातली मुलगी होती. तिच्या हातात पहिल्या दोन धड्यांचे कागद दिले आणि समोर गप्प बसले. गप्प बसणं हाच या तपासणीतला अवघड भाग. ती जिथे मान वर करून माझ्याकडे बघायची, तिथे मी समासात टिंब द्यायचे. दोन धड्यांत चौदा टिंबं झाली. त्यातली अकरा ठिकाणं मला अगदी सोपी वाटली होती.

मग एका जाणकाराकडून तथ्यं तपासून घ्या, आणि शेवटी शुद्धलेखन. हा क्रम उलटा केला तर आधी सुधारलेली वाक्यं नंतर कापावी लागतात. सगळे धडे तयार होईपर्यंत थांबू नका. पहिले तीन पूर्ण करा, पाच-सात जणांना द्या, मग पुढचे लिहा. त्या तीन धड्यांत सापडलेल्या चुका उरलेल्या धड्यांत होत नाहीत.

रात्रीचे निरोप मला अजूनही येतात. पण गेल्या तुकडीतल्या एका बाईंचा निरोप असा होता: ‘मॅडम, नियम २ प्रमाणे इकार आजच्या शुद्धलेखनाने लिहायचा. पण चौथ्या ओळीत गावाचं नाव आहे, आणि गावातले लोक ते आजही वेगळं लिहितात. मी गावकऱ्यांचं ऐकू की तुमच्या नियमाचं?’

त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी नियम २ खाली ‘गावं आणि आडनावं वगळून’ एवढे चार शब्द वाढले, आणि फाइलच्या नावातल्या चाराचा पाच झाला.